बिडीचा खोकला म्हणून अंगावर काढू नका

तुमच्या घरात, आळीत किंवा गावच्या पारावर असा एक माणूस नक्की आहे, जो सकाळी उठल्याबरोबर पाच-दहा मिनिटे खोकतो, खाकरतो, बेडका टाकतो आणि मगच पहिली बिडी पेटवतो. घरच्यांना त्या खोकल्याची इतकी सवय झालेली असते की कोंबडा आरवला काय आणि बाबा खोकले काय, दोन्ही सारखेच. कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले : "बिडीचा खोकला आहे, चालायचंच." या 'चालायचंच'पायी किती महिने वाया जातात आणि त्या महिन्यांत छातीत काय काय घडून जाते, ते शेतकरी बंधूंनी आणि गावकारभाऱ्यांनी एकदा नीट समजून घ्यावे.

भिवंडीच्या नारपोलीपासून सुरुवात करू. ग्रामीण पानावर नारपोली कशाला, ती तर शहरात मोडते, असे कुणी म्हणेल. पण नारपोलीत राबणारा माणूस कुठला आहे ते पाहा. कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी तेलंगणातला, कुणी मराठवाड्यातला, तर कुणी शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचा. कमवायला तिकडे आणि आजारी पडला की गावाकडे, ही त्याची रीत. म्हणजे नारपोलीत लागलेला खोकला शेवटी कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या हद्दीत येऊन अंथरूण धरतो.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडाचे बरेच काम यंत्रमागांकडे वळले. भिवंडीत माग आधीपासून होते, त्यानंतर आणखी वाढले. अलीकडे त्यांतले पुष्कळ माग भंगारात निघाले आणि आजूबाजूच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. जे माग चालू आहेत, तिथे अजून बारा-बारा तासांच्या पाळ्या, पत्र्याचे छत आणि हवेत सतत तरंगणारा सुताचा भुगा आहे. डोक्यावर, भुवयांवर पांढरी लव बसते, तशीच ती नाकावाटे आतही जाते. सायझिंगच्या बॉयलरचा धूर वेगळा. अंजूरफाट्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची धूळ वेगळी. पाळी सुटली की बिशीत जेवण, आणि जेवणाआधी, जेवणानंतर, मधल्या सुट्टीत बिडी.

आता यात खरी गोम अशी आहे की खोकला आला की माणूस बोट दाखवतो भुग्याकडे. आणि ते अगदीच खोटे असते असे नाही. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार वैद्यकशास्त्राला चांगला माहीत आहे, त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर परत आला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि पुढे दिवसागणिक जरा उतार पडतो. आजार जुना झाला की मग रोजचेच होऊन बसते. धुळीत काम करणारा माणूस बिडीही ओढत असेल तर त्याचे नुकसान अधिक लवकर होते. दोन्ही मारा एकाच नळीवर होत असतात.

शेतकऱ्याने हे वाचून 'आपण त्यातले नाही' म्हणू नये. आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात पावसाआधी राब भाजतात, तेव्हा शेण-पालापाचोळ्याचा धूर दिवसभर अंगावर घेतला जातो. मळणीची धूळ असते. ओला होऊन कुबट लागलेला पेंढा झाडताना उडणारी बुरशी असते, आणि तिनेही फुप्फुसाला सूज येते. दगडखाणीवर, क्रशरवर जाणाऱ्याच्या छातीत दगडाची भुकटी बसते, वीटभट्टीवरच्या कुटुंबाच्या छातीत राख. घरातल्या बाईने आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो, पण चुलीपुढे बसून तिची छाती बिडीवाल्यासारखीच होते. हे सगळे खरे. तरीही दिवसाला दोन बंडले संपवणाऱ्याने 'धुळीने होतंय' म्हणणे म्हणजे छपराला सात भोके असताना एकाच भोकाकडे बघण्यासारखे आहे. राब भाजायचा, पोटासाठी माग चालवायचा, हे सहजासहजी सुटत नाही. बिडीचे भोक आपल्या हाताने बुजवता येते.

आणखी एक समजूत गावोगाव पक्की आहे. सिगारेट वाईट, बिडी नैसर्गिक, कारण ती पानाची आहे, झाडपाल्याची आहे. हा गैरसमज मुंबईत झालेल्या एका मोठ्या पाहणीने पार खोटा ठरवला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सुमारे लाखभर मुंबईकरांची नोंद केली, सगळे पस्तिशीच्या पुढचे. काही वर्षांनी पुन्हा घरोघर जाऊन कोण हयात आहे, कोण गेले ते पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात बिडी ओढणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त निघाले. याचे कारण समजायला अवघड नाही. तेंदूपत्ता कागदासारखा हवा आत घेत नाही. बिडी सारखी विझू पाहते, म्हणून ती पेटती ठेवायला झुरका जोरात आणि वरचेवर घ्यावा लागतो. तंबाखू थोडी असूनही डांबर आणि विषारी वायू छातीत खोलवर जातात.

२००८ साली देशभरातल्या ११ लाख घरांच्या नोंदींवर आधारलेला दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होते असे दिसले. तिशी ते सत्तरीच्या दरम्यान क्षयाने मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्याला न करणाऱ्याच्या दुपटीहून अधिक निघाला. हे शेवटचे वाक्य गावात कुणी सांगत नाही. बिडीने कॅन्सर होतो एवढे सगळ्यांना ठाऊक असते. बिडीने क्षयाला दार उघडे राहते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

खोकला बदलला की सावध

बिडीवाल्याला खोकला असतोच, मग काळजी कधी करायची? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की खोकला आहे की नाही हे पाहू नका, तो बदलला आहे का ते पाहा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला राहिला की थुंकी तपासायची, हा क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. ज्याला वर्षानुवर्षे खोकला आहे त्याच्यासाठी या नियमाचा अर्थ असा की आधी फक्त सकाळी येणारा खोकला आता रात्री झोपेतून उठवू लागला, बेडका पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, प्रमाण वाढले, तर दिवस मोजायला सुरुवात करा. थुंकीत रक्ताची एक रेघ जरी दिसली तर दोन आठवडेही थांबू नका. 'उष्णता झाली असेल' किंवा 'घसा सोलवटला असेल' असे म्हणून ती पुसून टाकायची नसते. संध्याकाळी अंग कोमट होणे, रात्री घामाने उशी भिजणे, जेवणावरची वासना उडणे, सदरा सैल होणे, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागणे, ही सगळी एकाच दिशेची लक्षणे आहेत. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, छातीत एकाच जागी दुखत राहिले, बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली, तर तेही दाखवायचे.

दम लागण्याचे तर माणसाला स्वतःला कळतच नाही, कारण तो नकळत काम कमी करत जातो. आधी भाताचे पोते पाठीवर घेऊन माळ्यावर चढायचा, मग पोरगा चढू लागतो. आधी शिवारातून एका दमात घरी यायचा, आता वाटेत आंब्याखाली बसतो आणि म्हणतो, सावली बरी वाटते. वय झाले, असे सगळे म्हणतात. म्हणून डॉक्टर विचारतात तो प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. सपाट रस्त्यावर तुमच्याच वयाच्या माणसाबरोबर चालताना तुम्ही मागे पडता का? धाप लागून मधे उभे राहावे लागते का? आंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो का? यांतल्या एकाचेही उत्तर 'होय' असेल तर दोष वयाचा आहे की छातीचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

बिडीवाल्याच्या अशा खोकल्यामागे बहुधा तीनांपैकी एक आजार निघतो. पहिला, श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा. त्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. दुसरा क्षय. तिसरा फुप्फुसाचा कॅन्सर. कधी न्यूमोनिया असतो, कधी हृदय कमजोर झाल्यामुळेही दम लागतो आणि पाय सुजतात. ही सगळी बाहेरून एकमेकांसारखी दिसतात. पारावर बसलेल्यांनी तर सोडाच, पण अनुभवी डॉक्टरांनीही नुसते पाहून सांगू नये, इतकी ती सारखी दिसतात. म्हणून तपासणी.

कुठे जायचे, काय सांगायचे

प्रत्यक्षात काय होते? माणूस आधी अडुळशाचा काढा घेतो, हळद-दूध घेतो. ते घ्यावे, घशाला बरे वाटते. मग मेडिकलच्या दुकानातून खोकल्याची बाटली येते. मग नाक्यावरच्या दवाखान्यात सुई आणि एक छोटी गोळी. त्या गोळीने दोन दिवसांत जादू होते, दम थांबतो, भूक लागते. अशा गोळीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य वेळी ते औषधच आहे, पण महिनोन् महिने चिठ्ठीशिवाय घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि आत क्षय असेल तर तो माजतो. काही अँटिबायोटिक गोळ्या अशा आहेत की त्या क्षयाला अर्धवट दाबतात. ताप उतरतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान महिनाभर पुढे ढकलले जाते. गोळीने बरे वाटले म्हणजे आजार गेला असे धरून चालू नका, एवढे पक्के ध्यानात ठेवा.

तालुक्यात राहणाऱ्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पडघा, खारबाव, दाभाड अशी केंद्रे तालुक्यात आहेत. नारपोली आणि शहरातल्या माणसासाठी भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. क्षयाची थुंकी तपासणी आणि औषधे तर त्याआधीपासूनच मोफत आहेत. क्षय निघाला तर उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी बँक खात्यात पैसे जमा होतात. एप्रिल २०१८ पासून ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. त्यासाठी पासबुक आणि आधारची प्रत न्यावी. कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार वगैरे मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. तेव्हा 'दवाखाना परवडणार नाही' या भीतीने घरी बसू नका, आधी चौकशी करा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर आपली माणसे लाजतात. बिडीचे विचारले की "कधीतरी घेतो, साहेब" म्हणतात, आणि शेजारी बसलेली बायको खाली मान घालते. डॉक्टर तुम्हाला ओरडायला बसलेले नाहीत. एखादे ओरडलेच तर ऐकून घ्या, पण आकडा खरा सांगा. किती वर्षांपासून, दिवसाला किती बिड्या, या दोन आकड्यांवर पुढच्या तपासण्या ठरतात. माग, सायझिंग, खाण, भट्टी यांत किती वर्षे काम केले तेही सांगा. पूर्वी क्षयाचे औषध घेतले होते का, घरात कुणाला क्षय होता का, हे न विचारता सांगा. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, नावे पाठ करायची गरज नाही.

थुंकीचा नमुना देताना बहुतेकजण नुसती लाळ देतात आणि तपासणी फुकट जाते. एक नमुना त्याच दिवशी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर द्यायचा असतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. उघड्यावर, लोकांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीच्या तळापासून खोकून जो घट्ट बेडका येईल तोच डबीत टाकावा. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रावर थुंकी तपासतात. त्यातून क्षयाचे जंतू आहेत की नाहीत आणि मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही, हे त्याच दिवशी कळू शकते.

एक्स-रे काढतात, तो काढावाच. पण एक्स-रे चांगला आला म्हणून पेढे वाटू नका. श्वासनळ्या आखडण्याचा आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. तो पकडायला स्पायरोमेट्री लागते. यंत्राच्या नळीत जोरात फुंकर मारायची, एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजते. सुई नाही, दुखत नाही. आरोग्य केंद्रात हे यंत्र नसेल तर कुठे आहे ते विचारून चिठ्ठी घ्या.

उलट बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे क्षय इतका आहे की एक्स-रेत डाग दिसला की क्षयाचे औषध सुरू होते, आणि काही रुग्णांत तो डाग कॅन्सरचा निघतो, पण तोवर काही महिने गेलेले असतात. म्हणून थुंकीत जंतू सापडले नसताना औषध सुरू झाले असेल, आणि दोन महिन्यांत वजन वाढले नाही, खोकला हलला नाही, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, दुसरं काही आहे का ते बघायचं का?" असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

काही वेळा मात्र आरोग्य केंद्राची वेळ बघत बसायची नसते. एक वाक्य पुरे बोलता येत नाही इतकी धाप, ओठ-नखे निळसर, माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो, छातीत दाबल्यासारखे होऊन दरदरून घाम सुटतो, किंवा थुंकीतून रक्ताची गुळणी पडते, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवू नका. पुढे वाकून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकवून बसवा. गुंडी-नाडा सैल करा. भोवतीची गर्दी हटवा. खोलीत धुरी, धूप, अगरबत्ती काही लावू नका. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पंपाची भीती

श्वासनळ्यांच्या आजारात डॉक्टर तोंडाने ओढायचा पंप देतात. गावात पंपाचे नाव काढले की लोक दचकतात. "एकदा लागला की सुटत नाही", "तो शेवटचा उपाय", "पोरीच्या सोयरिकीत अडचण येईल". यांतले एकही खरे नाही. पंपातले औषध गोळीच्या मानाने फारच थोडे असते आणि ते थेट नळीत जाते. पंप सुटत नाही कारण आजार जुना आहे. चष्मा सुटत नाही म्हणून कुणी चष्म्याला व्यसन म्हणत नाही. गंमत अशी की दिवसाला चाळीस वेळा बिडी तोंडाला लावणारा माणूस दिवसाला दोनदा पंप लावायला घाबरतो. पंप कसा ओढायचा ते मात्र डॉक्टर किंवा परिचारिकेसमोर करून दाखवा. चुकीच्या पद्धतीने औषध जिभेवरच राहते आणि मग पंप निकामी म्हणून कोनाड्यात जातो. स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरून टाका.

सोडल्याने आता काय फरक पडणार?

साठी गाठलेला माणूस हमखास असे विचारतो. त्याला इंग्लंडमधली एक गोष्ट सांगावी. तिथे १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी हजारो डॉक्टरांना धूम्रपानाविषयी पत्राने विचारले आणि पुढे पन्नास वर्षे त्यांच्या जगण्या-मरण्याचा हिशेब ठेवला. २००४ साली तो पुरा प्रसिद्ध झाला. तिशीत सोडणाऱ्याची सुमारे दहा वर्षे वाचली, चाळिशीत सोडणाऱ्याची नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्याचीसुद्धा तीन. तीन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. नातीचे लग्न त्यात होते.

जी फुप्फुसे गेली ती परत येत नाहीत, हे खरे आहे. पण बिडी थांबली की झीज मंदावते. क्षयाचे औषध चालू असताना बिडी चालू ठेवली तर औषधाला यश कमी येते आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून क्षयाच्या रुग्णाने तर पहिल्या दिवशीच सोडावी.

सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, शौचाला साफ होत नाही. "बिडीशिवाय होतच नाही" ही तक्रार खरी आहे, पण ती काही आठवड्यांची असते. कोमट पाणी, पालेभाजी आणि सकाळचे चालणे यावर भागते. कधी कधी सोडल्यावर खोकला उलट वाढतो, आणि माणूस घाबरून पुन्हा बिडी पेटवतो. श्वासनळीत कचरा बाहेर ढकलणारी बारीक लव असते, धुराने ती लुळी पडलेली असते. धूर थांबला की ती कामाला लागते आणि साठलेला बेडका बाहेर येऊ लागतो. हा खोकला काही आठवड्यांत कमी होतो. होत नसेल तर पुन्हा दाखवा. बिडी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे, त्यावर समजावून सांगणारी माणसे असतात. निकोटीनचे च्युइंगम मिळते, पण डॉक्टरांना विचारून घ्यावे.

बिडी सोडून तंबाखूची चिमूट धरली तर ती सोडली असे होत नाही. आपल्या महाराष्ट्राचे दुखणे तर तेच आहे. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत राज्यातल्या शंभर प्रौढांमागे धूम्रपान करणारे चारसुद्धा भरले नाहीत, पण तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे चोवीस निघाले. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यामागच्या सवयीविषयी ते जाहीर कार्यक्रमांतून बोलले आहेत. गावोगाव स्वच्छता अभियान नेणारे आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्याच कॅन्सरने गेले.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना दोन शब्द. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळा, दवाखाना, एस. टी. स्टँड ही सगळी त्यात येतात. दंडाची पावती फाडण्याआधी कार्यालयातल्या टेबलावरची राखेची वाटी उचलली तरी गावाला बरेच कळेल.

२४ मार्च २०२३ पासून 'टीबीमुक्त पंचायत' अभियान सुरू आहे. त्यात गावाने किती संशयितांची थुंकी तपासली, हेही पाहिले जाते. रुग्णसंख्या कमी दिसावी म्हणून तपासणीच कमी करायची, असा शहाणपणा कुणी करू नये. आशाताईला प्रत्येक घरात बिडी ओढणारा कोण, त्याचा खोकला किती दिवसांचा, दम लागतो का, एवढे विचारायला सांगा. पुरुष तिला लाजून उत्तर देत नसतील तर ग्राम आरोग्य समितीतल्या एखाद्या ज्येष्ठ पुरुष सदस्याने तिच्याबरोबर जावे.

सगळ्यात महत्त्वाचे काम बाहेरगावी कामाला गेलेल्यांचे आहे. भिवंडीत, नारपोलीत माग किंवा गोदामात असलेल्या माणसाला तिथे क्षय निघतो, औषध सुरू होते, महिन्याभरात बरे वाटते आणि तो गावी निघून येतो. इथे कुणाला सांगत नाही. औषध तुटते. पुढच्या वेळी जो क्षय उठतो तो साध्या औषधाला दाद देत नाही. आता प्रत्येक क्षयरुग्णाचा निक्षय क्रमांक असतो. तो क्रमांक दाखवला की देशात कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढचे औषध मिळते, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. रुग्णाने तो कागद शिवनेरीच्या किल्ल्यासारखा जपावा. आणि गावी येण्याआधी तिथल्या क्षयरोग कर्मचाऱ्याला सांगून नाव इकडे वळते करून घ्यावे. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

रुग्णाच्या घरात लहान मुले असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्यायची असते. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो, तेव्हा भांडी वेगळी करून त्या माणसाला गोठ्यात झोपवायचे काही कारण नाही. खोकताना तोंडाला फडके आणि खोलीची खिडकी उघडी, एवढे बस्स.

होळीला आणि गणपतीला बाहेरची माणसे गावी येतात, दहा-पंधरा दिवस राहतात. गावात खोकणारा नवा आवाज त्याच दिवसांत ऐकू येतो. सणाच्या आधीच्या आठवड्यात आशाताईला आरोग्य केंद्रातून थुंकीच्या डब्या जास्त आणून ठेवायला सांगा.